दुपटीचं कलम

आमच्या क्लेम्स विभागात 'डीएबी' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा तरी कानावर पडायचा. डबल ॲक्सिडेंट बेनिफिट. विमेदार अपघातात गेला तर वारसाला मूळ रकमेच्या दुप्पट पैसे. हजाराला वर्षाकाठी एक रुपया जादा भरला की पॉलिसीला हे कलम जोडून मिळायचं, आणि पुष्कळ एजंट ते न विचारताच जोडून टाकत. १९८१ साली मी नोकरीला लागलो, तेव्हापासून एकतीस वर्षं या कलमाच्या आसपास वावरलो. त्यामुळे १९८८ साली एका फिल्म सोसायटीच्या खेळाला गेलो आणि पडद्यावर 'डबल इंडेम्निटी', म्हणजे दुप्पट भरपाई, ही अक्षरं उमटली, तेव्हा शेजारच्या माणसाला ते चित्रपटाचं नाव वाटलं असेल, मला फाइलीवरचा शेरा वाटला.

खेळ सोळा एमएमच्या प्रोजेक्टरवर होता, खुर्च्या लोखंडी होत्या. पहिल्याच प्रसंगात लॉस एंजेलिसमधल्या एका विमा कंपनीच्या ऑफिसात मध्यरात्रीनंतर एक माणूस शिरतो. सफाईच्या बायका टेबलं पुसताहेत. हा धडपडत एका केबिनमध्ये जाऊन बसतो, बोलणं मुद्रित करायचं यंत्र पुढे ओढतो आणि ऑफिसातला मेमो लिहावा तशी सुरुवात करतो. तारीख १६ जुलै १९३८. प्रेषक वॉल्टर नेफ, विमा विक्रेता. प्रति बार्टन कीज, क्लेम्स मॅनेजर. मग सांगतो की खून मी केला, पैशासाठी आणि एका बाईसाठी, आणि पैसाही मिळाला नाही, बाईही मिळाली नाही. त्याच्या खांद्यात गोळी आहे हे आपल्याला हळूहळू कळतं.

खुनी कोण, हे पाच मिनिटांत सांगून टाकलं. मी गिरगावातल्या वाचनालयात बाबूराव अर्नाळकर वाचत वाढलेला मुलगा. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू. एका दुपारीत एक पुस्तक संपवायचं आणि संध्याकाळी बदलून आणायचं. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणाऱ्या त्या माणसाने मराठीत किती जणांना वाचायची गोडी लावली याची मोजदाद कोणी केलेली नाही, आणि माझ्यावरचं त्यांचं ऋण मी आजही मानतो. पण त्या जगात गुन्हेगार परका असायचा. तो बाहेरून यायचा, नायक त्याला गाठायचा, आणि पुस्तक मिटताना आपण सुरक्षित असायचो. इथे गुन्हेगार रोज नऊला ऑफिसात येणारा, हसतमुख, साहेबांचा लाडका विक्रेता होता. मला त्याचं टेबल ओळखीचं होतं.

चित्रपटाची गोष्ट थोडक्यात सांगतो. नेफ एका श्रीमंत घरी मोटारीच्या विम्याचं नूतनीकरण करायला जातो. नवरा घरी नसतो, बायको फिलिस असते. तिला नवऱ्याच्या नावाने अपघात विमा हवा असतो, आणि तो नवऱ्याला कळायला नको असतो. नेफला पहिल्या भेटीतच तिचा हेतू उमगतो. तो उठून जातो, आणि परत येतो. पुढे दोघं मिळून नवऱ्याला मारतात. पाय मोडल्यामुळे तो कुबड्यांवर असतो. नेफ त्याच कुबड्या घेऊन त्याच्या जागी आगगाडीत चढतो, शेवटच्या डब्यामागच्या उघड्या सज्ज्यातून हळू चाललेल्या गाडीतून उडी टाकतो, आणि रुळांवर खरं प्रेत ठेवलं जातं. आगगाडीच्या अपघाताला पॉलिसीत दुप्पट रक्कम आहे. ५० हजार डॉलरचे एक लाख.

बाकीचे प्रेक्षक बार्बरा स्टॅनविककडे पाहत होते, तिच्या पायातल्या साखळीकडे, खिडकीच्या झडपांमधून भिंतीवर पडणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यांकडे. मी सहीकडे पाहत होतो. नेफ त्या नवऱ्यापुढे मोटारविम्याचे कागद ठेवतो, एक सही घेतो, आणि दुसरी प्रत म्हणून अपघात विम्याच्या अर्जावरही घेतो. तो बिचारा न वाचता सही करतो. माझ्या अंगावर तेव्हा काटा आला तो याच जागी. न वाचता केलेल्या सह्या मी रोज पाहत होतो. प्रपोजल फॉर्म एजंटच्या अक्षरात, खाली विमेदाराची सही, आणि 'आपणांस कोणता आजार आहे काय' या प्रश्नापुढे ठोकळ अक्षरात 'नाही'. माणूस गेल्यावर तो 'नाही' माझ्या टेबलावर यायचा.

दुसरी एक गोष्ट त्या चित्रपटात आहे, आणि क्लेम्सच्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणाला तिचं एवढं मोल वाटेल असं नाही. नवऱ्याचा पाय मोडला होता. अपघात विमा होता. मग त्याने मोडलेल्या पायाचा क्लेम का नाही केला? कीजच्या डोक्यात हा प्रश्न येतो आणि तिथून सगळं उसवायला लागतं. विमा असूनही क्लेम न करणारा माणूस म्हणजे आपला विमा आहे हे ठाऊक नसलेला माणूस. जे कागद फाइलीत आहेत ते सगळेच वाचतात. फाइलीत कोणता कागद असायला हवा होता आणि नाही, हे ज्याला दिसतं तो खरा क्लेम्सवाला.

एडवर्ड जी. रॉबिन्सनने उभा केलेला हा कीज मला जन्मभर पुरला. कंपनीचे साहेब ही आत्महत्या आहे असं ठरवून पैसे नाकारायला निघतात, तेव्हा तो त्यांच्यासमोर आकडेवारीचे तक्ते तोंडपाठ म्हणतो. वर्णानुसार आत्महत्या, व्यवसायानुसार, ऋतूनुसार, दिवसाच्या वेळेनुसार. विषाचे प्रकार, उड्यांचे प्रकार. आणि ताशी पंधरा मैलांनी चाललेल्या गाडीच्या मागच्या टोकावरून उडी मारून जीव दिल्याची एकही नोंद नाही, हे सांगून साहेबांना गप्प करतो. त्याच्या पोटात एक छोटा माणूस राहतो. क्लेम खोटा असला की तो छोटा माणूस पोटात पीळ घालतो आणि कीजला जेवण जात नाही. तो नेफला आपल्या हाताखाली घेऊ पाहतो, पगार कमी पण काम मोलाचं असं सांगतो. त्याच्या लेखी ते टेबल म्हणजे शस्त्रक्रियेचं टेबल, पेन्सिली म्हणजे हत्यारं, आणि क्लेम्सचा माणूस म्हणजे एकाच वेळी डॉक्टर, पोलीस, न्यायाधीश आणि आपलं पाप ज्याच्याजवळ बोलावं असा धर्मगुरू. सात वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाबद्दल असं कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. घरी येताना चर्चगेटपर्यंत चालत आलो, बस घेतली नाही.

मग ज्याने हे मुळात लिहिलं त्याचा शोध सुरू झाला. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर तेव्हा जुन्या पुस्तकांच्या राशी असत. दोन वर्षांनी तिथेच जेम्स एम. केन सापडला.

केन १८९२चा, मेरीलँडमधला. आई गायिका होती, त्यालाही ऑपेरात गायचं होतं. तुझा आवाज तेवढ्या ताकदीचा नाही, असं आईनेच सांगितलं. तो वर्तमानपत्रांत गेला. न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड'मध्ये अग्रलेख लिहीत असताना, १९२७ साली, शहरात एक खटला गाजला. रूथ स्नायडर नावाची क्वीन्समधली गृहिणी आणि तिचा मित्र जड ग्रे. तो स्त्रियांच्या कॉर्सेटचा फिरता विक्रेता. दोघांनी मिळून तिच्या नवऱ्याला मारलं. त्याआधी तिने नवऱ्याच्या नकळत त्याचा विमा उतरवला होता आणि त्यात अपघाती मृत्यूला दुप्पट रकमेचं कलम होतं. १२ जानेवारी १९२८ला सिंग सिंग तुरुंगात दोघांना विजेच्या खुर्चीत बसवलं. 'डेली न्यूज'च्या एका छायाचित्रकाराने घोट्याला लपवून बांधलेल्या कॅमेऱ्याने तिच्या मरणाचा क्षण टिपला आणि दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पानावर आला. मी तो फोटो एकदाच पाहिला. परत पाहणार नाही.

या खटल्यातून 'डबल इंडेम्निटी' आली असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि ते खरंच आहे. पण केन स्वतः आणखी एक गोष्ट सांगायचा, आणि मला ती जास्त खोल वाटते. त्याचे वर्तमानपत्रातले वरिष्ठ आर्थर क्रॉक पूर्वी केंटकीमधल्या एका दैनिकात होते. तिथे बायकांच्या अंतर्वस्त्रांच्या जाहिरातीत एका शब्दाचं पहिलं अक्षर बदललं आणि साधं वाक्य अश्लील होऊन छापलं गेलं. क्रॉकनी मुद्रकाला बोलावून विचारलं. तो आधी म्हणाला, चूक झाली. दोन दिवसांनी परत विचारल्यावर कबूल झाला. जन्मभर माणूस अशी चूक होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसतो, आणि एक दिवस आपण ती करायची संधी शोधतो आहोत हे त्याच्या लक्षात येतं, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला.

केनने त्या मुद्रकाला विमा विक्रेता केलं. कादंबरीतही आणि चित्रपटातही नायक सांगतो की तू जुगाराच्या चाकामागे उभा असतोस, गिऱ्हाईक फसवत नाही ना हे पाहायला, आणि एका रात्री वाटतं की या जुगारघराला आपणच फसवलं तर? सगळ्या वाटा तर आपल्याला माहीत आहेत. बाई ही निमित्त आहे. नेफ पहिल्यापासून त्या चाकाकडे बघत उभा होता.

या लेखकांबद्दल वाचत गेलो तसं दिसलं की हे सगळे कुठल्या ना कुठल्या टेबलामागून आलेले होते. डॅशिएल हॅमेट पिंकर्टन डिटेक्टिव्ह एजन्सीत नोकरीला होता, बाल्टिमोरमध्ये लागला तेव्हा वय एकवीस. माणसाच्या मागे राहायचं, काय दिसलं ते लिहायचं, काय वाटलं ते लिहायचं नाही. 'द माल्टीज फाल्कन'मध्ये सॅम स्पेडच्या मनात काय चाललंय हे तो एकदाही सांगत नाही. स्पेड सिगरेट वळतो तेव्हा त्याची बोटं काय करतात ते मात्र ओळीनं सांगतो. मला त्यात चौकशी अहवाल दिसतो, आणि मी असे अहवाल लिहिलेले असल्याने ते किती कठीण आहे तेही कळतं. रेमंड चँडलर सहा वर्षांनी मोठा. शिकागोत जन्म, शाळा इंग्लंडात, मग कॅलिफोर्नियात हिशेबनीस आणि पुढे तेल कंपनीत मोठा अधिकारी. दारू आणि गैरहजेरीपायी १९३२ साली नोकरी गेली. वय ४४. त्यानंतर तो स्वस्त मासिकांसाठी गुन्हेकथा लिहायला शिकला, पहिली १९३३च्या डिसेंबरात 'ब्लॅक मास्क'मध्ये आली, आणि 'द बिग स्लीप' आली तेव्हा तो पन्नाशीला पोचला होता. हॅमेटने खून परत अशा माणसांच्या हाती दिला जे तो काही कारणाने करतात, केवळ लेखकाला प्रेत हवं म्हणून नव्हे, असं चँडलरने एका निबंधात म्हटलंय. वाचनालयात पुस्तकं बदलणाऱ्या त्या मुलाला हे वाक्य समजायला मधली पंचवीस वर्षं लागली.

फाल्कनमध्ये एक गोष्ट आहे, दोन-तीन पानांची. टॅकोमा शहरातला फ्लिटक्राफ्ट नावाचा जमीनजुमल्याचा दलाल दुपारी जेवायला निघतो. बांधकाम चाललेल्या इमारतीवरून एक तुळई सुटून त्याच्या शेजारी आदळते. फुटपाथचा एक कपचा उडून गालाला लागतो, बाकी काही नाही. तो ऑफिसात परत जात नाही, घरीही जात नाही. बायको आणि दोन मुलं सोडून नाहीसा होतो. आयुष्य इतकं आंधळेपणाने संपू शकतं तर आपणही आंधळेपणाने ते बदलू, असं त्याला वाटतं. काही वर्षांनी स्पेड त्याला स्पोकेनमध्ये शोधून काढतो. वेगळं नाव, दुसरी बायको, एक मूल, मोटारींचा धंदा, संध्याकाळी गोल्फ. जुन्याची नक्कल. तुळया पडतात या गोष्टीशी त्याने जुळवून घेतलं, मग तुळया पडल्या नाहीत, तेव्हा त्याने न पडण्याशीही जुळवून घेतलं.

जॉन ह्यूस्टनने १९४१ साली केलेला चित्रपट पुस्तकाशी इतका प्रामाणिक आहे की संवादच्या संवाद उचललेले आहेत. त्याच कादंबरीवर त्याआधी दहा वर्षांत दोन चित्रपट झाले होते, ते आज कोणाच्या लक्षातही नाहीत. पण फ्लिटक्राफ्ट ह्यूस्टननेही गाळला. कथानकाला त्याची गरज नाही, हे मला मान्य आहे. तरी हंफ्री बोगार्टच्या तोंडून ती गोष्ट ऐकायला मिळाली नाही ही हळहळ मला प्रत्येक वेळी वाटते. हे सगळं अंधाराचं जग त्या दोन-तीन पानांत आहे, आणि तिथे ना पिस्तूल आहे ना रात्र. भर दुपार आहे, जेवणाची सुट्टी आहे.

'डबल इंडेम्निटी'चं नशीब उलटं. तिथे पुस्तकात नसलेलं काहीतरी चित्रपटाला सापडलं. केनची कादंबरी 'लिबर्टी' साप्ताहिकात १९३६ साली क्रमशः आली. स्टुडिओंना ती आधीच हवी होती, पण चित्रपटांची नीती सांभाळणाऱ्या जोसेफ ब्रीनच्या कार्यालयाने पत्र धाडून ती बाद केली आणि कित्येक वर्षं कोणी हात लावला नाही. मग बिली वाइल्डरने ती घेतली. तो व्हिएन्ना आणि बर्लिनहून आलेला, हिटलरमुळे देशोधडीला लागलेला. आई मागेच राहिली आणि नाझींच्या हातून गेली. त्याचा नेहमीचा सहलेखक चार्ल्स ब्रॅकेट या घाणीत पडायला तयार नव्हता. केन दुसऱ्या स्टुडिओत अडकलेला. म्हणून चँडलर आला. त्याला केन मुळीच आवडत नसे.

त्या दोघांचं एका खोलीत कसं जमलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. चँडलर पंचावन्नचा, पाइप ओढणारा, इंग्रजी शाळेची शिस्त अंगात मुरलेली. वाइल्डर सदतिशीचा, खोलीभर येरझाऱ्या घालणारा. खिडकीबद्दल मला हुकूम सोडतो आणि 'प्लीज' म्हणत नाही, अशा तक्रारी चँडलरने लेखी दिल्या होत्या, असं वाइल्डर पुढे सांगत असे. पण याच चँडलरने एक गोष्ट ओळखली. केनचे संवाद पानावर धारदार वाटतात, नटाने म्हटले की पडतात. ते डोळ्यांसाठी लिहिलेले आहेत. म्हणून जवळपास सगळे संवाद नव्याने घडवावे लागले. चित्रपटात एका ठिकाणी नेफ कीजच्या केबिनमधून बाहेर पडतो तेव्हा बाहेर खुर्चीवर एक चष्मेवाला गृहस्थ वाचत बसलेला दिसतो. तो चँडलर. साठ-पासष्ट वर्षं हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मीही तीन-चारदा त्याच्यावरून नजर फिरवून गेलो होतो, आणि मला वाटायचं की ऑफिसात क्लेमसाठी ताटकळत बसलेला कोणी विमेदार असेल.

मुख्य बदल कीजमध्ये झाला. कादंबरीतला कीज हुशार आहे, पण तो कंपनीचा माणूस आहे. शेवटी तो नायकाला आणि फिलिसला गुपचूप जहाजावर चढवून देतो, कोर्टकचेरी टाळण्यासाठी. रात्री जहाजामागे शार्क लागलेला असतो आणि दोघं उडी टाकायला निघतात. भयंकर शेवट आहे, केनच्या सगळ्या लेखनात असतो तसा, थोडा ऑपेरासारखा. वाइल्डरने आधी नेफला गॅसच्या कोठडीत मरताना चित्रित केलं, आणि मग तो सगळा प्रसंग काढून टाकला. आत्ता जो शेवट आहे त्यात पहाट होत आली आहे, कबुली संपत आली आहे, आणि दारात कीज उभा आहे. चित्रपटभर कीजकडे सिगार असतो पण काडी नसते. दर वेळी नेफ नखाने काडी ओढून त्याला पेटवून देतो. आता नेफ दारापाशी कोसळलाय, ओठांत सिगरेट आहे आणि हात उठत नाही. कीज काडी पेटवून पुढे धरतो. नेफ म्हणतो, तुला गुन्हेगार दिसला नाही कारण तो फार जवळ होता, समोरच्या टेबलापाशी. कीज म्हणतो, त्याहून जवळ.

या चित्रपटाला ऑस्करची सात नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. केनने मात्र तो मोकळेपणाने वाखाणला. बोलणं मुद्रित करायच्या यंत्राची कल्पना मला सुचली असती तर मीही वापरली असती, असं तो म्हणाला.

युद्ध संपल्यावर १९४६च्या उन्हाळ्यात फाल्कन, 'लॉरा', 'डबल इंडेम्निटी' हे चित्रपट पॅरिसमध्ये एकदम येऊन धडकले, आणि नीनो फ्रँक या समीक्षकाने त्यांना 'नुआर', म्हणजे काळे, म्हटलं. गालिमार प्रकाशनाने आदल्याच वर्षी गुन्हेकथांची 'सेरी नुआर' नावाची माला काढली होती, तो शब्द हवेत होता. ते चित्रपट काढणाऱ्यांना आपण नुआर काढतोय हे ठाऊक नव्हतं.

बाकीच्यांपैकी दोघांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. कॉर्नेल वूलरिचने १९४२ साली एक कथा लिहिली: पाय जायबंदी झालेला माणूस मागच्या खिडकीतून शेजाऱ्यांकडे पाहत बसतो आणि एक खून झाल्याचा अंदाज बांधतो. हिचकॉकचा 'रिअर विंडो' तिच्यावरून आला. वूलरिच स्वतः वर्षानुवर्षं आईबरोबर न्यूयॉर्कमधल्या हॉटेलात राहिला, आई गेल्यावर एकटा, पुढे गँगरीनने एक पाय गेला. १९४५ साली त्याने या कथेसह सहा कथांचे चित्रपट हक्क ९,२५० डॉलरना विकले आणि कॉपीराइटची मुदत संपल्यावर नूतनीकरणाचे हक्कही देईन असं लिहून दिलं. पण मुदतीआधीच, १९६८ साली, तो वारला. मृत माणसाने दिलेला शब्द वारसाला बांधतो का? विश्वस्त बँकेने ते हक्क ६५० डॉलर आणि पुढच्या उत्पन्नातला दहावा हिस्सा एवढ्यावर दुसऱ्याला विकले, भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९९० साली निकाल लागला की नाही बांधत. त्या निकालाचा सारांश मी कादंबरीसारखा वाचला.

दुसरी डोरोथी बी. ह्यूज. 'इन अ लोनली प्लेस' १९४७ची. डिक्स स्टील नावाचा तरुण आपण रहस्यकादंबरी लिहितोय असं सगळ्यांना सांगतो, लिहीत एक ओळही नाही, आणि रात्री धुक्यात बायकांच्या मागे जातो. आपण पूर्ण पुस्तक त्याच्या डोक्यात बसून वाचतो, आणि त्याला ओळखतात त्या दोन बायका. निकोलस रेच्या १९५०च्या चित्रपटात बोगार्टचा डिक्स पटकथालेखक आहे, तापट आहे, हात उगारतो, पण खुनी नाही. चित्रपट थोर आहे. तरी ह्यूजने जे धाडस केलं ते पडद्याने केलं नाही, असं मला ठामपणे वाटतं. तिने आपल्याला खुन्याच्या बाजूला बसवलं आणि उठू दिलं नाही.

आता १९९१. माझ्याकडे एक फाइल आली. विमेदार छत्तीस वर्षांचा, मशीद बंदरला एका पेढीत कारकून, राहायला टिटवाळ्याला. संध्याकाळच्या धीम्या लोकलमधून कळवा आणि मुंब्र्याच्या मध्ये पडून जागीच गेला. पॉलिसीला सोळा महिने झालेले. पन्नास हजार, डीएबीसह एक लाख. पॉलिसीला दोन वर्षं झालेली नव्हती म्हणून चौकशी माझ्याकडे. आत्महत्या असती तरी मूळ रक्कम मिळणारच होती, कारण त्यासाठीचं एक वर्ष उलटलं होतं. प्रश्न फक्त दुपटीचा होता.

लोकलमधून माणूस पडला यात कीजच्या तक्त्यांना काही काम नव्हतं. आपल्याकडे माणसं दारात लटकून जातात आणि पडतात. रेल्वे पोलिसांचा पंचनामा होता, शवविच्छेदनाचा अहवाल होता, पास होता, हातातलं घड्याळ होतं. पंचनाम्यात सोबतच्या वस्तूंची यादी होती. ती मी वाचली आणि पोटात पीळ बसला.

मी टिटवाळ्याला गेलो. चाळीतली एक खोली, दोन मुली, मोठी दुसरीत. वहिनींनी चहा केला. मी छापील प्रश्न विचारले: आजार, कर्ज, घरात भांडण, व्यसन. सगळ्याला नाही. खाली मान घालून मी उत्तरं लिहीत होतो. विचारायचा प्रश्न खरं तर एकच होता, आणि तो मी विचारला नाही. निघताना त्याच म्हणाल्या, "साहेब, त्यांचा डबा पोलिसांकडे आहे. तो परत मिळेल का हो?" मी म्हणालो, मिळेल, अर्ज करा, मी लिहून देतो. आणि तिथेच बसून अर्ज लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी मशीद बंदरला पेढीवर जायचं होतं. त्या दिवशी तो कामावर होता का, त्याआधीच्या महिन्यात होता का, नोकरी होती का, एवढं विचारायला. हजेरीपट पाहायला दहा मिनिटं लागली असती. माझ्या ऑफिसापासून ते अर्ध्या तासावर होतं. मी गेलो नाही. अहवालाच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'अपघाती मृत्यू. अधिक चौकशीची आवश्यकता नाही.' सही केली, तारीख घातली. साहेबांनी फाइल उघडली, माझी सही पाहिली आणि पुढे पाठवली. माझी सही असली की ते वाचत नसत.

मला कोणी एक पैसा दिला नव्हता. ती बाई मला पुन्हा कधी भेटली नाही. तो पैसा कंपनीचा नव्हता, हप्ते भरणाऱ्या बाकीच्यांचा होता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं, कारण नव्या मुलांना पहिल्या दिवशी मीच ते सांगत असे. कीज पेढीवर गेला असता. जेवण न करता गेला असता. कदाचित हजेरीपटात सही सापडली असती, कदाचित त्या दिवशी पेढीत कोणी जेवण दिलं असतं, कदाचित माणसाला नुसती भूक नसते एखाद्या दिवशी. यातलं काही असेल तर माझा अहवाल खरा होता. पण लिहिताना मला ते माहीत नव्हतं.

निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली. त्या फाइली मुदत संपल्यावर कधीच नष्ट केल्या असतील. मागच्या महिन्यात मुलीने लॅपटॉपवर 'डबल इंडेम्निटी' लावून दिला. छपाई इतकी स्वच्छ की सफाईवाल्या बायकांच्या बादल्यासुद्धा दिसतात. कीज न केलेल्या क्लेमबद्दल बोलायला लागला आणि मी तिला थांबवायला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, पाणी देऊ का?" मला पंचनाम्यातली ती ओळ आठवली होती, हवालदाराच्या तिरक्या अक्षरातली: 'स्टीलचा डबा नग एक, तीन खणी, आत पोळी व भाजी भरलेली, झाकण बंद.'